आईला वाचता यावीत अशी कार्डं

मी देश सोडला तो फुलांच्या टेम्पोतून. शहाण्णव सालचा श्रावण होता. नाशिकला मखमलाबादच्या पुढं आमची वस्ती, तिथं अंगणात माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा टेम्पो उभा होता. त्यात झेंडूच्या आणि शेवंतीच्या करंड्या चढत होत्या आणि त्यांच्या मध्ये कुठंतरी माझ्या दोन बॅगा. दादाचा हिशोब साधा होता. दादरच्या बाजारात फुलं उतरवायची आणि तसंच पुढं मला विमानतळावर सोडायचं. "एका डिझेलात दोन कामं," असं तो चारचौघांत म्हणाला तेव्हा मला असा राग आला म्हणून सांगू! मी न्यूझीलंडला निघाले होते, तेही पहिल्यांदा, तेही एकटी, आणि माझी पाठवणी झेंडूच्या जोडीनं. माझा नवरा प्रकाश सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. तिकडच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून तो तीन महिने आधीच गेला होता.

आई रडली नाही. ती करंड्यांची तोंडं पोत्याच्या तुकड्यांनी शिवत बसली होती. शेवटची करंडी शिवून झाल्यावर हात पुसत उठली आणि म्हणाली, "पोचलीस की कळव. आणि लिहू नको हां. मला कुठं वाचता येतंय? तू लिहिणार, वहिनी वाचणार, म्हंजे ते आधी वहिनीचं होणार आन् मग माझं. तू आपली काढून पाठव."

वहिनी शेजारीच उभी होती, ती हसली. मी हसले नाही. घाट उतरेपर्यंत माझ्या डोक्यात तेच. काढून पाठव म्हणजे काय? तिथं पोचले, जेवले, झोपले, बरी आहे, आठवण येते, हे सगळं काढायचं कसं?

काढायची सवय मला होती, हे खरं. शाळेत असताना संक्रांतीची भेटकार्डं मी घरीच करायची. जुन्या लग्नपत्रिकांचा कोरा भाग कापून घ्यायचा, भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारायचे, की झाली फुलं. दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवून पानावर उडवला की पानाची सावली उमटायची. पाकिटात चार दाणे हलव्याचे. भेंडी घरची, पानं घरची, पत्रिका भाऊबंदांच्या. वडील, म्हणजे अण्णा, मी नववीत असताना गेले, त्या वर्षी संक्रांत नव्हती. तेवढं एक साल सोडलं तर मी कार्डं कधी चुकवली नाहीत. पण ती कार्डं म्हणजे नुसती शोभा. मजकूर छापील असायचा, गोड बोला वगैरे. चित्राला काही सांगायचं नसायचं.

आता चित्रालाच सगळं सांगायचं होतं. मला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती सांगून टाकते. मी लांब गेल्याचं तितकं नव्हतं. हळूहळू आईला माझं काही कळेनासं होईल आणि मला आईचं, याची धास्ती होती. बूथवर नेलं तरी फोनवर ती बोलायची नाही. पैसे चालू आहेत या विचारानंच तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "बरं हाय. ठेव आता." एवढंच. म्हणजे आम्हा दोघींमध्ये उरलं काय, तर पोस्टकार्डाएवढा जाड कागद.

मी ठरवलं, दर ऋतूला एक कार्ड. तिथं ऋतू चार असतात असं मी ऐकून होते, म्हणजे वर्षाला चार. वरवर सोपं वाटतं ना? आता ऐका.

पहिलं चांगलं कार्ड मी एप्रिलात केलं. तिथं एप्रिल म्हणजे पानगळ. घरासमोरचं झाड असं लालभडक झालं होतं की मी वेडीच झाले. ती पानं गोळा केली, रंगात बुडवून ठसे मारले, खाली आमचं घर काढलं, दारात आमच्या दोघांच्या चपला काढल्या. चपला दोन जोड, म्हणजे दोघं सुखरूप घरात आहोत. मी स्वतःवर खूश. महिन्याभरानं वहिनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "आई विचारतात, झाडाला तांबेरा पडलाय का? भाऊजींना म्हणावं, वेळेवर औषध मारा, नाहीतर शेजारच्या झाडावर जाईल."

तांबेरा! आमच्याकडं पान लाल पडलं की तो रोगच. त्यात सुंदर काही असतं हे आईला सांगणार कोण? मी पुढचं कार्ड पाठवलं त्यात झाडावर एकही पान नव्हतं, खाली स्वेटरातली मी. जुलै होता, तिथला कडक हिवाळा. वहिनीचं उत्तर, "आई म्हणतात, छाटणी फार खोल झाली. आणि भर आषाढात स्वेटर का घातलंय?"

आषाढात स्वेटर का? मलाच ते पचत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुलै, बाहेर गारठा, आणि मनात मात्र वस्तीवरचा चिखल, पायाला चिकटलेला काळा गोळा. मी सकाळी उठून खिडकी उघडायची आणि क्षणभर कळायचंच नाही, आता काय चालू आहे. गरम का होतंय? गार का होतंय? सण कुठला जवळ आलाय? मीना नावाची माझी शाळेतली मैत्रीण शिकागोला होती, तिलाही मी कार्ड पाठवायची. माझं वसंताचं कार्ड तिला पानगळीत मिळायचं. माझं उन्हाळ्याचं तिच्या बर्फात जाऊन पडायचं. तिनं एकदा कळवलं, "बाई, तू एक तर सहा महिने पुढं आहेस नाहीतर मागं. काय ते ठरव." ठरवते कसलं डोंबल!

आणि एकटी मीच घोटाळ्यात होते असंही नाही. डिसेंबर आला. असलं ऊन की डांबर पाघळावं. दुकानात नाताळची कार्डं लागली होती आणि त्या सगळ्यांवर बर्फ! बर्फातली घरं, बर्फातल्या गाड्या, गळ्यात मफलर बांधलेले पक्षी. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बिनबाह्यांचा झगा घालून घामाघूम होत पन्नासेक बर्फाळ कार्डांवर पत्ते घालत बसल्या होत्या. मी विचारलं, या गावात बर्फ पडतो का हो कधी? त्या म्हणाल्या, आयुष्यात नाही पाहिला. मग हे? त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या आजीच्या गावी पडायचा. आजी बोटीनं आली होती, शंभर वर्षांमागं. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली. बरं एवढ्यासाठी, की अख्खा देशच माझ्यासारखा निघाला. भीती याची, की हे शंभर वर्षांत जर मिटत नसेल तर माझं काय होणार?

मग मी कार्डाला दोन बाजू केल्या. एका बाजूला इथलं, दुसऱ्या बाजूला त्याच महिन्यातलं नाशिक. इकडं बर्फासारखं दंव, तिकडं आषाढातली कोथिंबीर. पत्त्याला जागा कमी पडायची, तो कोपऱ्यात बारीक घालायचा. नाशिकची बाजू मी आठवून काढायची आणि ती हटकून चुकायची. वहिनीचं पत्र, "आई म्हणतात, विहिरीजवळचा शेवगा दोन वर्षांमागंच पडला. आणि गुलाब आता वरच्या पट्टीत नाही, खालच्या." म्हणजे इथलं आईला कळत नव्हतं आणि तिथलं मला. कार्डाच्या दोन्ही बाजू चुकीच्या. भेंडीसुद्धा दगा द्यायची. न्यूझीलंडात मिळायची ती गोठवलेली, कापून ठसा मारला की नुसता बुळबुळीत डाग.

तरी मी थांबले नाही, कारण वहिनी मधूनच एखादी ओळ लिहायची. पोस्टमन कार्ड घेऊन आला की वस्तीवरची चार माणसं जमतात. आई कुणाला हात लावू देत नाही. पदराला हात पुसून घेते आणि एक एक गोष्ट बोट ठेवून सांगते, ही तिची खिडकी, ही मागची पायरी, हे दोघांचे कप. दारातल्या चपला आधी मोजते. एवढ्या एका ओळीवर मी तीन महिने काढायची.

नव्व्याण्णव साली मला दिवस गेले. मी प्रकाशला सांगितलं, आईला मीच कळवणार, फोनवर नाही, वहिनीकडून नाही. चौथा महिना लागेपर्यंत थांबले आणि सप्टेंबरात कार्ड करायला बसले. तिथं तेव्हा वसंत. झाडं फुटलेली, रस्त्याकडेच्या रानात मेंढ्यांची पिल्लं उड्या मारत होती, मी तर नुसती हवेत. इतका मन लावून मी कागद कधीच कापला नव्हता. फुटलेली डहाळी काढली. दार काढलं. दारात आमच्या दोघांच्या चपला, त्यांच्या मध्ये अगदी बारका एक जोड, आणि शेजारी निळ्या पट्ट्यांची प्लास्टिकची चप्पल. ती आईची. म्हणजे बाळ येतंय आणि तू ये. आणखी काय लिहायचं राहिलं? मी कार्ड पेटीत टाकलं आणि रोज हिशोब करायला लागले की आज मुंबईला पोचलं असेल, आज नाशिकला.

उत्तर नाही.

आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. दादाच्या घरी नुकताच फोन बसला होता. मी फोन लावला, वहिनीनं उचलला. नेहमी बोलणं आवरत नाही अशी बाई, ती त्या दिवशी चाचरत म्हणाली, "ताई, कार्ड मिळालं. पण आता नको बोलायला. नंतर बोलू." मागून आईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, आणि फोन बंद. मी रिसीव्हर हातात धरून उभी. नको बोलायला? पोरगी पोटुशी आहे, आणि नको बोलायला?

मला काही म्हणजे काही सुचेना. आईला राग आला का? तिला यायचंच नाही म्हणून गप्प आहे? की इतकं लांब येणं तिला जमणार नाही हे सांगवत नाही म्हणून? का पुन्हा काहीतरी भलतंच वाचलं तिनं, बारक्या चपलांचा अर्थ दुसराच लावला? दवाखान्यात नर्सनं विचारलं, बाळंतपणाला तुझ्याजवळ कोण असेल? मी म्हटलं, कुणी नाही. घरी येऊन प्रकाशशी विनाकारण भांडले. रंगांची पेटी माळ्यावर टाकली. म्हटलं, पुरे झाली ही चित्रं. बोलता न येणाऱ्या माणसांनी चित्रं काढावीत, मला तोंड आहे.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. तिकडं पहाट असणार. आणि चक्क आईच बोलली, तिनं आपणहून लावून घेतला होता.

"घट बसवला आत्ता," ती म्हणाली. "आता बोल. कितवा?"

मी रडायलाच लागले. "आई, इतके दिवस का बोलली नाहीस गं?"

"अगं येडे, पितर चालू होते! तुझ्या अण्णांच्या तिथीच्या आदल्या दिवशी पोराची बातमी धाडतीस व्हय? एक डाव बघितलं, कळलं, आन् पालथं घालून पिठाच्या डब्यामागं ठेवलं. वहिनीला म्हटलं, घट बसंपर्यंत या घरात कुणी अवाक्षर काढायचं नाय."

पितृपक्ष! अख्खा पंधरवडा माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. त्या दिवसांत नवी गोष्ट काढत नाहीत, चांगली बातमी सांगत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? दरवर्षी अण्णांचं पान वाढलेलं मी पाहिलं होतं. पण खिडकीबाहेर सगळी झाडं फुटलेली असताना पितर आठवणार कसे? मी वसंत पाठवला आणि तो नेमका श्राद्धाच्या घरात जाऊन पडला. आईचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं पहिल्या नजरेत सगळं वाचलं होतं, आणि वाचून गप्प बसायला तिला किती जड गेलं असेल! माझीच मेली अक्कल गहाण पडली होती.

"निळ्या पट्ट्याची चप्पल काढलीस ना," आई म्हणाली, "म्हंजे यावंच लागंल. दसऱ्याचा झेंडू उतरू दे. दिवाळी होऊ दे."

दादानं पासपोर्टासाठी किती खेटे घातले ते तोच जाणे. जानेवारीत आई आली. जिनं नाशिक जिल्ह्याबाहेर पाय टाकला होता तो एकदा शिर्डीला, ती माझी आई विमानातून उतरून चालत आली आणि म्हणाली, "लय गारठा हाय त्या विमानात." घरी आल्यावर मी दार उघडायला गेले तर ती सरळ घराला वळसा घालून मागं गेली. मागच्या पायरीवर जाऊन बसली. "ही बघायची होती," म्हणाली. तीन वर्षं ती पायरी तिनं कार्डावर पाहिली होती.

पण खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी. आई पायरीवर बसून सूर्याकडं बघत होती. मग आत आली, पुन्हा बाहेर गेली. मला म्हणाली, "याचं काहीतरी बिनसलंय." कुणाचं? "सूर्याचं. उगवला तिकडंच बरोबर, पण आता भलत्या अंगानं चाललाय." तिथं सूर्य उत्तरेकडून जातो. मी साडेतीन वर्षं तिथं राहून ते कधी नीट पाहिलं नव्हतं, आईनं एका दिवसात पकडलं. मी हातवारे करून पृथ्वी समजवायला गेले आणि माझीच पृथ्वी फिरली. संक्रांत आली तेव्हा तर कहर. आई म्हणाली, "आता दिवस मोठा व्हायचा." इथं तर तो लहान होत चाललेला. आम्ही दोघी तिळगूळ हातात घेऊन त्या रणरणत्या उन्हात एकमेकींकडं बघत राहिलो. शेवटी आई म्हणाली, "जाऊ दे गं. घे, गोड बोल."

मुलगी झाली. आईनं तिला न्हाऊमाखू घातलं, शेक दिला, रात्रीची उठली. जावयाशी ती पदर सावरून दोनच शब्द बोलायची, पण त्याच्या डब्यात रोज काहीतरी गोड असायचं. तीन महिन्यांनी व्हिसा संपला आणि ती गेली.  मी तर त्या दिवशी बाळाची टोपी उलटी घातली, दूध उतू घालवलं आणि विमानतळाचा नेहमीचा रस्ता चुकले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नाशिकहून एक पाकीट आलं. दादानं आधी फोनवर सांगितलं होतं, "आईनं स्वतः केलंय कार्ड. दोन दिवस कुणाला बसू दिलं नाही ओट्यावर." मी पाकीट हातात घेतलं तर ते आधीच उघडून पुन्हा चिकटवलेलं. सोबत सरकारी छापील चिठ्ठी. वनस्पतीचा भाग देशात आणता येत नाही, म्हणून काढून टाकला आहे. बरोबरच होतं त्यांचं. एका रानातला रोग दुसऱ्या रानात जाऊ नये, हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी शिकवायला नको. पण मी आतलं कार्ड काढलं. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर नुसते डिंकाचे वाळलेले ओघळ. कुठं पिवळा डाग, कुठं केशरी. झेंडूच्या पाकळ्या असणार. एका बाजूला काहीतरी हिरवट. बाकी काही नाही.

आईनं आयुष्यात पहिल्यांदा मला काही कळवलं होतं आणि ते मला वाचता येत नव्हतं.

मी तो पुठ्ठा उजेडात धरला, तिरका धरला, उलटा धरला. प्रकाश म्हणाला सूर्य असेल. मला वाटलं तोरण असेल, दसऱ्याचं. मग वाटलं बाळाचा पाळणा. तेवढ्यात फोन आला. आईचाच.

"मिळालं का?"

"मिळालं गं!"

"कळलं का?"

काढून टाकलं म्हणून सांगावं, हे ओठांवर आलं होतं. पण दोन दिवस ओट्यावर बसून तिनं एक एक पाकळी चिकटवलेली. मी म्हटलं, "कळलं की. फार छान झालंय."

"पसंत हाय ना? काही हलवायचं असंल तर आत्ताच सांग."

आता कार्डावरचं हलवायचं काय? मला वाटलं, पुढच्या वेळचं विचारतेय. "नको, काही हलवू नकोस."

"मोठं करू का? दादा म्हणतोय मोठं कर."

"छे गं, कशाला उगाच त्रास? आहे तेवढं पुरे."

पलीकडं ती दादाला म्हणाली, "नको म्हणतीय." मग म्हणाली, "बरं. ठेव आता."

आता मी कार्डं कॉम्प्युटरवर करते असं सगळ्यांना वाटतं. माझी लेक करते. एका दिवसात इकडून तिकडं जातात, कुणी अडवत नाही, ऋतूही शिळा होत नाही. मी अजून कागद कापते. आता कुणाला कुठला ऋतू पाठवायचा याचा गोंधळ मात्र तसाच आहे, आणि घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तरी मी आधी इकडं तिकडं बघते. इथं असताना "घरी गेलं पाहिजे" म्हणते ते नाशिकला. नाशिकला गेले की आठव्या दिवशी म्हणते, "घरी झाडांना पाणी कोण घालत असेल?" दोन्हीकडची माणसं हसतात. तुमच्यापैकी जे गेले ते समजतील, जे राहिले त्यांनी समजून घ्यावं. माझ्यापुरतं घर कुठं आहे हे जेवढं म्हणून मला कळलं, ते दोन हजार एक सालच्या डिसेंबरात, आम्ही तिघं पहिल्यांदा नाशिकला गेलो तेव्हा.

टेम्पो वस्तीवर वळला आणि मला जुन्या घराला लागून, फुलांच्या पट्टीकडच्या अंगाला, एक नवी खोली दिसली. वीटकाम नवंकोरं, पत्रा चमकणारा. मी दादाला विचारलं, हे काय? औषधांची खोली का? तर दादा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "अगं, तुझी खोली. आईनं कार्डावर काढली ती तूच नाय का पसंत केली?"

मी आत गेले. एक खिडकी, झेंडूच्या पट्टीवर उघडणारी. एक कॉट. कॉट टाकल्यावर उरलेल्या जागेत माणूस एकच उभा राहील, तोही आडवा. आमच्या बॅगा बाहेर ओट्यावर. वहिनी हसत म्हणाली, "ताई, हे म्हणत होते दहा बाय बारा घेऊ. पण आई म्हणाल्या, तिनं फोनवर सांगितलंय, आहे तेवढं पुरे." सगळे हसले. प्रकाश हसला. कमरेवरची लेक काही न कळता हसली. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? आमच्याकडं लग्न झालेल्या पोरीला माहेरी खोली नसते. ती येते, चार दिवस सगळ्यांत झोपते, जाते. आईनं भावाच्या शेतात माझ्यासाठी भिंत उभी केली होती, आणि मी ती न बघता हो म्हटलं होतं.

संध्याकाळी सगळे बाजाराच्या गडबडीत होते. आई आत आली आणि कॉटवर माझ्याशेजारी बसली. जरा वेळानं खालच्या आवाजात तिनं विचारलं, "कार्ड नीट पोचलं होतं का गं?"

मी सांगून टाकलं. पाकळ्या काढून घेतल्या होत्या, नुसते डाग होते, मला काही कळलं नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून हो म्हटलं.

 आई पदरानं नाक पुसत म्हणाली, "आन् मला वर्षभर वाटत होतं, तुला आता आमचं एवढंसंच पुरतंय."

 मी तिचा हात धरला, खरखरीत, झेंडूच्या वासाचा. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर दादा करंड्या मोजत होता.

"मग आता सांग," आई म्हणाली. "मोठी करू का?"

"कर," मी म्हटलं. "दहा बाय बारा कर."